विमानातील सॉकेटवर चालेल असा लॅपटॉपचा अडॅप्टर कसा निवडावा

जिनिंग यंत्रांचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे हिंगणघाटजवळच्या गावातून नागपूर, तेथून मुंबई आणि पुढे आफ्रिका असा प्रवास मला वर्षातून तीन-चार वेळा घडतो. या प्रवासासाठी अडॅप्टर मागितला की दुकानदार हमखास ‘युनिव्हर्सल’ पुढे करतो. त्याने केवळ पिनांचा आकार बदलतो, आणि विमानात पिना ही मुख्य अडचण नसतेच.

तिकीट काढतानाच आसनाशी सॉकेट आहे का, हे विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. देशांतर्गत मार्गांवरील अनेक लहान विमानांत ते नसते. नुसते जुन्या पद्धतीचे चौकोनी यूएसबी असेल, तर ते ५ व्होल्टचे, म्हणजे मोबाइलपुरतेच असते.

अडॅप्टरच्या पाठीवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असावे. विमानातील सॉकेट साधारणतः ११० व्होल्ट देते, आणि असा अडॅप्टर ते निमूटपणे स्वीकारतो. त्यामुळे व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये.

आता वॅट. इकॉनॉमी वर्गातील बऱ्याच सॉकेटांची मर्यादा ७५ वॅटच्या आसपास असते आणि त्यापुढे ओढ गेली की पुरवठा आपोआप बंद होतो. एकाच डीपीवर साऱ्या शिवारातील मोटारी एकदम सुरू झाल्या की काय होते, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. येथेही तेच घडते, फक्त वायरमनला फोन करता येत नाही. ‘जास्त वॅटचा घ्या, लवकर चार्ज होईल’ हा सल्ला मानून मी एकदा १८० वॅटचा अडॅप्टर घेऊन चढलो. बॅटरी ८ टक्क्यांवर होती. पिन खोचताच सॉकेटवरचा हिरवा दिवा लागला, चार-पाच सेकंदांत विझला, आणि कर्मचाऱ्यांनी दोनदा पुन्हा सुरू करून दिल्यावरही दोन्ही वेळा विझला. सकाळी दाखवायचा आराखडा अर्धाच राहिला.

तेव्हापासून मी ४५ वॅटचा अडॅप्टर नेतो. ६५ वॅटचाही बहुधा चालतो, पण तो काठावरचा आहे. कारण ६५ हा आकडा लॅपटॉपला मिळणाऱ्या विजेचा असतो, आणि अडॅप्टरमध्ये तापून वाया जाणारी वीज धरली की सॉकेटवरील ओढ ७३-७४ वॅटपर्यंत पोहोचते. रिकामी बॅटरी भरणे आणि लॅपटॉप चालवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी अडॅप्टरवर पडली की ही ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून बॅटरी पूर्ण भरूनच विमानात चढावे. नागपूरला पोहोचल्यावर भरू, असे म्हणू नये. विमानतळावरचे सॉकेट आधीच कोणीतरी धरलेले असते.

लॅपटॉप टाइप-सी खाचेतून चार्ज होत असेल तर निवड सोपी आहे: पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीमधून जास्त वीज देण्याची पद्धत) लिहिलेला आणि २० व्होल्ट देणारा चार्जर घ्यावा. गोल पिनेचा लॅपटॉप असेल तर मात्र व्होल्ट मूळ अडॅप्टरइतकेच हवेत, मूळ १९.५ असेल तर १९.५, आणि पिनेची जाडीही तीच हवी. काही कंपन्यांच्या पिनेच्या मधोमध एक बारीक सुई असते, तिच्यातून लॅपटॉप अडॅप्टर ओळखतो. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालू राहतो, पण बॅटरी भरत नाही. अशा लॅपटॉपसाठी त्याच कंपनीचा कमी वॅटचा अडॅप्टर शोधावा, रस्त्यावरचा स्वस्त घेऊ नये.

घेतलेला अडॅप्टर घरी तासभर, नेहमीचे जड काम उघडून, तपासावा. ‘चार्जर कमी क्षमतेचा आहे’ अशी सूचना आली तरी घाबरू नये. बॅटरी तासाला पाच-सात टक्के उतरत असेल, तरी आठ तासांच्या उड्डाणाला ती पुरते.

विमानात अडॅप्टर सॉकेटखाली लोंबकळत ठेवू नये, त्याच्या वजनाने पिना सैल होऊन निसटतात. तो मांडीवर घ्यावा. दिवा विझलाच तर पिन काढावी, स्क्रीनचा उजेड कमी करून बॅटरी सेव्हर लावावा, आणि दोन मिनिटांनी पिन पुन्हा खोचावी.