मदतनिधीच्या स्पर्धेसाठी जोडीनं वॉल्ट्झ बसवताना

रोटरी किंवा लायन्ससारख्या क्लबच्या मदतनिधीच्या कार्यक्रमात जोडीनं नाचायचं ठरलंय, हाताशी आठ आठवडे आहेत आणि दोघांपैकी कुणीच आधी शिकलेलं नाही? मग संथ वॉल्ट्झ हा पाश्चात्य जोडीनाच निवडा. त्यात पावलं मोजकी असतात आणि मराठी कानाला त्याचा ठेका परका वाटत नाही. वॉल्ट्झ तीन-तीन मात्रांत चालतो आणि बॉक्स स्टेपची, म्हणजे पावलांनी जमिनीवर चौकोन काढण्याची, एक फेरी सहा पावलांची असते. म्हणजे दादरा तालाचं एक आवर्तन: धा धी ना, धा ती ना. सुरुवातीला हे बोल तोंडानं म्हणतच पावलं टाका. 'वन टू थ्री' मोजताना दोन्ही तुकडे सारखेच वाटतात आणि पाय चुकतो. इथे 'ती' आली की आपण दुसऱ्या अर्ध्यात आहोत हे आपोआप कळतं.

लीड करणाऱ्याची, म्हणजे जोडीला दिशा देणाऱ्याची, पावलं अशी: डावा पुढे, उजवा बाजूला, डावा उजव्याला जुळवा, मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जुळवा. फॉलो करणाऱ्यानं आरशातल्यासारखं उलट करायचं: उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जुळवा, डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जुळवा. पहिले दोन आठवडे एकमेकांना हात न लावता हेच करा, आठवड्यातून तीन-चार दिवस, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक तिसऱ्या मात्रेवर होते. पाय जुळतो, पण वजन दोन्ही पायांवर राहतं. मग पुढचं पाऊल कोणतं हे शरीराला कळत नाही आणि चुकीचा पाय निघतो. तपासायची पद्धत सोपी आहे: 'ना' म्हणताच थांबा आणि मोकळा असायला हवा तो पाय जमिनीवरून बोटभर उचला. न डगमगता उचलता आला तर वजन गेलं. डगमगलात तर पुन्हा करा. ही एक गोष्ट पक्की झाली की निम्म्या चुका गळून पडतात.

तिसऱ्या आठवड्यात पकड. पुरुष लीड करतोय असं धरू. त्याचा उजवा तळवा तिच्या डाव्या खांद्याच्या पात्याखाली, बोटं जुळलेली. तिचा डावा हात त्याच्या उजव्या दंडावर. दुसरे हात साधारण बुटक्या जोडीदाराच्या डोळ्यांच्या उंचीवर. नाकासमोर नाक ठेवून उभे राहू नका. दोघांनीही किंचित आपापल्या डावीकडे सरका, म्हणजे प्रत्येकाचा उजवा पाय जोडीदाराच्या दोन पायांच्या मध्ये जातो. पाय तुडवले जातात ते बहुतेकदा हे न केल्यामुळे, किंवा मागे जाणारी व्यक्ती भीतीनं आखूड पाऊल टाकते म्हणून. लीड हातानं ढकलून द्यायचा नसतो. आधी छाती निघते, मग पाय. दंडाला ओढ जाणवली की समजा, लीड चुकतोय.

आता रचना. संथ वॉल्ट्झची लय मिनिटाला 84 ते 90 मात्रांची. 90 धरली तर दीड मिनिटात तीन मात्रांचे 45 गट बसतात. पहिले 2 गट उभं राहून ऐकण्यात, शेवटचे 3 अखेरच्या पोझसाठी. उरले 40, म्हणजे आठ-आठ गटांच्या पाच ओळी. एवढ्यासाठी चारच प्रकार पुरतात: साधा बॉक्स, दर गटाला पाव वळण घेत चार गटांत पूर्ण फिरणारा डावा बॉक्स, एका दिशेनं पुढे सरकत जाणारी पावलं आणि हाताखालची गिरकी. दहा प्रकार अर्धवट बसवलेल्या जोडीपेक्षा चार प्रकार तालात करणारी जोडी प्रेक्षकांना आणि परीक्षकांना नक्कीच जास्त आवडते.

गिरकीत तो बॉक्सच करत राहतो. दुसऱ्या अर्ध्याच्या 'धा'ला तो डावा हात तिच्या डोक्यावर नेतो आणि ती सहा पावलं पुढे चालत उजवीकडून वर्तुळ पूर्ण करते. हात घट्ट धरला तर मनगट पिळवटतं. तिची बोटं त्याच्या बोटांत सैल फिरली पाहिजेत. ती एका जागी गरकन फिरली तर चार मात्रांतच संपते आणि दोन मात्रा अवघडून उभी राहते, म्हणून वर्तुळ चालतच घ्यायचं.

साडी नेसणार असाल तर पदराचा विचार आधी करा. तो डाव्या खांद्यावरून मागे सुटतो, आणि नेमका तिथेच जोडीदाराचा उजवा हात असतो. हात घसरतो, नाहीतर पदर ओढला जातो. पदर खांद्यावर पिन करून मागून कमरेभोवती पुढे आणा आणि खोचा. निऱ्या घोट्याच्या वर राहू द्या, नाहीतर मागे जाताना टाचेखाली येतात. काचेच्या बांगड्या आणि टोकदार अंगठ्या उतरवा.

रबरी तळव्याचे बूट जमिनीला धरतात, वळताना गुडघा पिळतो. चामड्याचा किंवा स्वेडचा तळवा बरा. घसरडं व्हावं म्हणून फरशीवर पावडर टाकू नका. मंचावर गालिचा असेल का, हे आयोजकांना आधीच विचारा. असेल तर डावा बॉक्स अवघड होतो, त्याजागी साधा ठेवा. उचलून घ्यायला परवानगी आहे का आणि निकाल परीक्षकांवर की देणगीच्या मतांवर, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकू नका. पूर्ण पोशाखात, प्रेक्षकांच्या बाजूनं, पावलं दिसतील असा मोबाइल लावून चित्रण करा. मंचावर ताल सुटला तर दोघांनी जागेवर थांबायचं, लीड करणाऱ्यानं पुढच्या गटाच्या पहिल्या मात्रेला डावा पाय पुढे टाकून साधा बॉक्स सुरू करायचा, आणि पुढची आठ गटांची ओळ लागली की ठरलेल्या रचनेत परत यायचं. हा बचावही दोन-तीनदा मुद्दाम चुकून सरावून ठेवा.