आर्केड गेम बनवताय? स्पीडचा स्लायडर आणि एका बटणाची सोय द्याच

स्पेस इन्व्हेडर्स टाइपचा गेम (खाली आपलं यान, वरून येणाऱ्या शत्रूंवर गोळ्या झाडायच्या) बनवत असाल तर सेटिंगमधे स्पीडचा स्लायडर नक्की टाका, निदान 50% पर्यंत खाली येणारा. 2018 च्या सेलेस्टे या गेममधे असिस्ट मोडला, म्हणजे खेळ सोपा करून देणाऱ्या सेटिंगला, हेच आहे. कोडमधे अवघड काही नाही, डेल्टा टाइमला (मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेला) 0.5 ने गुणलं की शत्रू, गोळ्या सगळंच निम्म्या वेगाने चालतं.

दुसरं म्हणजे, ज्याचं एकच बोट नीट चालतं त्याला डावं, उजवं आणि फायर अशी तीन बटणं कशी जमणार, म्हणून फायर ऑटो ठेवा आणि यान आपोआप एका बाजूला सरकत राहू दे, बटण दाबलं की दिशा उलटी, झाला एका बटणाचा गेम! असे खेळाडू जे मोठ्या बटणाचे स्विच वापरतात ते बऱ्याचदा कॉम्प्युटरला कीबोर्डसारखेच दिसतात, स्पेस किंवा एंटर पाठवतात, त्यामुळे वेगळं काही लिहावं लागत नाही.

पण मेनूपण त्याच बटणावर चालला पाहिजे हां, हायलाइट आपोआप खाली सरकत राहील आणि दाबलं की निवडलं जाईल असा. गेम खेळता येतो पण स्टार्टच करता येत नाही, हे बघून फार वाईट वाटतं. आणि स्लो स्पीडवाल्यांचा हाय स्कोअरपण सेव्ह करा, प्लीज.