कच्च्या वाटेची मोटरसायकल निवडताना या चुका टाळा

ऑफ-रोड मोटरसायकल घ्यायची ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘किती सीसी?’ असा असतो आणि बहुतेकांची फसगत तिथेच होते. कोल्हापूर जिल्ह्यात पाटगावच्या पुढे किंवा गगनबावड्याच्या बाजूला आडवाटेला लागल्यावर इंजिन कमी पडल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. गाडीचे वजन न पेलल्याचे मात्र अनेकदा पाहिले आहे. हिरोची एक्सपल्स २०० साधारण १६० किलोची आहे, तर रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० सुमारे १९६ किलोची. लांबच्या डांबरी प्रवासात हे जास्तीचे वजन गाडीला स्थिर ठेवते, पण चिखलात तेच अंगावर येते.

मागच्या पावसाळ्यात भुदरगड तालुक्यातल्या एका पाणंदीत आमच्या सोबत्याची जड गाडी ट्रॅक्टरच्या चाकोरीत आडवी झाली. ओल्या तांबड्या मातीत त्याचे बूट घसरत होते, हँडल धरून उचलू लागला की मागचे चाक सरकत होते, आणि आम्ही तिघांनी मिळून गाडी उभी करेपर्यंत तो इतका दमला की थोड्याच अंतरावर पुन्हा पडला. म्हणून पसंत पडलेली गाडी ज्याच्याकडे आहे अशा ओळखीच्या माणसाला विनंती करून, ती गवतावर अलगद आडवी ठेवून, एकट्याने उचलून पाहावी. गाडीकडे पाठ करून, सीटला कंबर टेकवून, पायांच्या जोरावर मागे रेटत उचलायची असते. एवढे करूनही ती उठली नाही, तर ती गाडी आपली नव्हे.

दुसरी चूक सीटच्या उंचीची. एक्सपल्सची सीट सुमारे ८२५ मिलिमीटर उंच आहे आणि तिच्याच प्रो प्रकाराची ८९१. शोरूमच्या सपाट फरशीवर टाचा थोड्या उचलल्या तरी चालतात, पण उतारावर आडवे थांबावे लागले की खालच्या बाजूचा पाय अधांतरी राहतो. त्यावर उपाय म्हणून सस्पेन्शन खाली करून घेणारे पुष्कळ आहेत. तसे केल्याने इंजिनाखालची मोकळी जागा कमी होते आणि चाकोऱ्यांमधला उंचवटा थेट इंजिनाला घासतो. त्यापेक्षा कमी उंचीची गाडी घ्यावी, किंवा सीटचा फोम थोडा कमी करून घ्यावा.

चाकांकडे आणि मडगार्डकडे तर फारसे कोणी पाहतच नाही. पुढचे २१ इंची चाक खड्ड्यांवरून आणि दगडांवरून सहज चढते, आणि स्पोकचे चाक आपटल्यावर अलॉयच्या (एकसंध ओतीव धातूच्या) चाकासारखे तडकत नाही, थोडेफार वाकते. उंच बसवलेले पुढचे मडगार्ड ही निव्वळ शोभा नाही: शिरोळकडच्या काळ्या मातीत पावसाळी फिरलेल्याला विचारा, टायर आणि खालच्या मडगार्डमध्ये माती ठासून भरते आणि चाक फिरायचेच थांबते.

केवळ शर्यतीसाठी बनवलेल्या मोटोक्रॉस गाड्यांची आरटीओ नोंदणी होत नाही, हेही पैसे देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

गाडी घरी आल्यावर काही तक्रारी हमखास येतात. मागचे सस्पेन्शन प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटत असेल, तर गाडी बदलण्याआधी आपल्या वजनानुसार प्रीलोड (सस्पेन्शनच्या स्प्रिंगवरचा आधीचा दाब) वाढवून पाहावा. नव्या गाडीचे स्पोक पहिल्या कच्च्या फेरीनंतर सैल होऊ शकतात. पान्ह्याने हलके ठोकून आवाज ऐकावा, एखादा बद्द वाजला तर तो तपासून घ्यावा. खडीच्या उतारावर मागचा ब्रेक लागतच नाही असे वाटले, तर दोष बहुधा ब्रेकचा नसून एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा असतो. मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय आहे का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. चिखलात पकड मिळत नसल्यास टायरमधली हवा थोडी कमी करावी, मात्र ट्यूबच्या टायरमध्ये ती फार उतरवली तर दगडावर ट्यूब चिमटते, आणि डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरावी लागते. त्यासाठी छोटा पंप, जादा ट्यूब आणि टायर काढायच्या दोन पट्ट्या गाडीच्या किमतीतच धराव्यात.