कासव संवर्धनासाठी स्वयंसेवी संस्था कशी चालवावी

कोकण किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांसाठी संस्था स्थापन करायची असेल, तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात सदस्य लागतात आणि महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखालीही नोंदणी करावी लागते. त्याहून महत्त्वाची आहे ती वनविभागाची परवानगी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, असल्यामुळे, हेतू कितीही चांगला असला तरी परवानगीविना अंड्यांना हात लावू नये.

स्वयंसेवक आधी गावातूनच निवडावेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासमध्ये ग्रामस्थांना सोबत घेऊनच हे काम उभे केले, आणि माझ्या मते दुसरा मार्ग टिकतच नाही.

अंडी घालण्याच्या हंगामात गस्त पहाटे, माणसांच्या पावलांनी वाळूवरचे कासवांचे माग पुसण्यापूर्वी घालावी. घरटे हलवणे अटळ असेल, तर प्रशिक्षित व्यक्तीनेच अंडी वरची बाजू न बदलता अलगद उचलावीत आणि हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्यासाठी राखलेल्या सुरक्षित जागेत, मूळ घरट्याइतक्याच खोल खड्ड्यात ठेवावीत. तारीख, जागा, खोली आणि अंड्यांची संख्या तिथेच लिहावी, कारण घरी जाऊन आठवणीने भरलेली नोंद अभ्यासकांच्या उपयोगाची नसते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडू लागली की न उबलेली अंडीही मोजावीत. अपयशाची नोंद गाळली, तर उबवणीचे प्रमाण खोटे निघते.

जमाखर्च दरमहा सभासदांसमोर मांडावा आणि हंगामाअखेरीस नोंदींची प्रत वनविभागाबरोबरच ग्रामपंचायतीलाही द्यावी.