झाडांच्या मृत्युदराचं मॉडेल करताय? आधी दोन मोजण्यांमधली वर्षं बघा

माझे पहिले आठ महिने एका चुकीच्या ग्राफमागे गेले. कायमस्वरूपी प्लॉटचा, म्हणजे जिथे तीच झाडं काही वर्षांनी पुन्हापुन्हा मोजतात अशा जागांचा, डेटा होता, तापमान वाढत होतं आणि झाडांचा मृत्युदरही त्याच्याबरोबर चढत होता. जे दिसेल असं वाटत होतं तेच दिसलं, म्हणून मी तपासायला थांबलेच नाही. मीटिंगमध्ये दाखवला तेव्हा फील्डवर झाडं मोजण्यात वर्षं घालवलेल्या एका सीनियरनी एवढंच विचारलं, "अगं, या दोन मोजण्यांमध्ये किती वर्षं आहेत?" मी म्हटलं, जुन्या फेऱ्या दहा वर्षांच्या, नंतरच्या पाचच्या, पण मी सगळं वार्षिक करून घेतलंय. ते म्हणाले, "तिथेच बघ."

आता हे जरा सावकाश सांगते, कारण बाकी काही विसरलात तरी चालेल पण हे विसरू नका. दरवर्षी २ टक्के झाडं मरत असतील तर ५ वर्षांत ९.६ टक्के जातात आणि १० वर्षांत १८.३, वीस नाही, कारण दुसऱ्या वर्षीचे २ टक्के हे उरलेल्या झाडांचे असतात. म्हणून नुसता वर्षांनी भागाकार करायचा नाही, जगलेल्यांच्या प्रमाणाचं तितक्या वर्षांचं मूळ काढायचं आणि १ मधून वजा करायचं. इथपर्यंत सगळ्यांना येतं, मलाही येत होतं. पण हे सूत्र गृहीत धरतं की सगळ्या झाडांना सारखाच धोका आहे, आणि जंगलात तसं कधीच नसतं.

शंभर झाडं घ्या. पन्नास दणकट, वर्षाला १ टक्का मरणारी. पन्नास कमकुवत, १० टक्के मरणारी. पहिल्या वर्षी मोजलंत तर दर ५.५ टक्के. तीच झाडं दहा वर्षांनी मोजलीत तर साधारण ६३ उरतात आणि अगदी बरोबर सूत्र लावूनही दर येतो ४.६. काहीच बदललेलं नाही, फक्त कमकुवत झाडं आधी संपली आणि मागे दणकट उरली. म्हणजे फेरी जितकी लांब तितका दर कमी दिसतो. आता जुन्या फेऱ्या लांब आणि नव्या आखूड असतील तर एकही झाड जास्त न मरता दर वर चढताना दिसणार, आणि त्याच काळात तापमानही वाढलेलं असल्यामुळे तुमचं मॉडेल सगळं श्रेय तापमानाला देऊन टाकणार. शील आणि मे या संशोधकांनी हे १९९६ मध्येच लिहून ठेवलंय. मी तो पेपर डाउनलोड केला होता, वाचला नव्हता.

उपाय आहे, घाबरू नका. वार्षिक जगण्याची शक्यता मॉडेल करा आणि तिला वर्षांचा घात द्या, किंवा क्लॉगलॉग लिंक (शक्यतेचं असं रूपांतर ज्यात काळाचा हिशोब सरळ बसतो) घेऊन वर्षांचा लॉग ऑफसेट म्हणून, म्हणजे मॉडेलने न बदलायचा ठरलेला आकडा म्हणून, द्या. तेवढ्याने झाडाझाडातला फरक जात नाही, त्यासाठी घेर, जात आणि आधीची वाढ आत घ्यावीच लागते. शिवाय एक सोपी तपासणी कराच, मधली फेरी गाळून सगळीकडे दहा-दहा वर्षं करा आणि परत चालवा. माझी अर्ध्याहून जास्त चढण तिथेच गेली. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. पण उरलेली चढण खरी होती, आणि आता ती मी कुणासमोरही ठेवू शकते. मृत्युदर वाढतच नाहीत असं मुळीच नाहीये, पश्चिम अमेरिकेतल्या जुन्या जंगलांमध्ये तो वाढलाय हे २००९ मध्येच दाखवलं गेलंय.

मॉडेलची अचूकता ९८ टक्के आली म्हणून खूश होऊ नका, वर्षाला २ टक्केच मरत असतील तर सगळी झाडं जिवंत म्हटलं तरी तेवढी येते. आणि टेस्टसाठी अख्खे प्लॉट बाजूला काढा, नाहीतर तेच झाड शिकवायच्या आणि तपासायच्या डेटात दोन्हीकडे येतं.

माझं स्पष्ट मत आहे की मोठं मॉडेल आधी शिकायला जाऊ नये. १९७२ च्या जाबोवापासून आजच्या एलपीजे-गेसपर्यंत, जंगल कसं वाढतं-बदलतं हे कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या बऱ्याच मॉडेलांमध्ये मरण म्हणजे मुळात 'वाढ खूप कमी झाली की मरायची शक्यता वाढव' असंच आहे. तो कोडचा तुकडा आधी वाचा. दुष्काळात झाडाच्या जलवाहिन्यांमध्ये हवेचे बुडबुडे शिरून पाणी चढायचं थांबतं, किंवा पर्णरंध्रं बंद ठेवून साठवलेलं अन्न संपत जातं, आणि बऱ्याचदा शेवटचा घाव खोडकिड्यांचा असतो, जसं २००२-०३ मध्ये अमेरिकेच्या नैऋत्येला पिन्यॉन पाइनचं झालं. हे डोक्यात नसेल तर नुसत्या पावसाच्या कॉलमवर शिकलेलं मॉडेल वाढत्या उष्णतेत काय सांगेल याचा भरवसा नाही, कारण एक अंश तापमान वाढलं की हवेची बाष्प धरायची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे पाऊस तेवढाच असला तरी झाडाकडून पाणी जास्त ओढलं जातं.

गाइड निवडताना नाव बघू नका, ज्यांनी स्वतः टेप धरलीय असा माणूस बघा. त्या सीनियरबरोबर मी नंतर एक फेरी केली. एका झाडावर एक पान नव्हतं, मी 'मृत' लिहायला निघाले, त्यांनी चाकूने साल जरा खरवडली आणि आत हिरवं निघालं. दुसरं खरंच वठलेलं वाटत होतं, तर बुंध्याशी दोन फुटवे. तिसऱ्याचा टॅग सापडेना, तो वाढत्या सालीने गिळला होता. यातली प्रत्येक चूक फाइलमध्ये एक मेलेलं झाड होऊन बसते, आणि पुढच्या फेरीत ते जिवंत सापडलं की लोक त्याला डेटा एंट्रीची चूक समजतात.

सध्या मी लहान झाडांवर अडकलेय. आमची मोजणी १० सेंटीमीटर व्यासापासून सुरू होते, त्यामुळे जे झाड एका मोजणीनंतर त्याच्या वर गेलं आणि पुढच्या मोजणीआधीच मेलं ते कुठल्याच यादीत येत नाही, आणि फेरी लांब असली की अशी झाडं वाढतात. कुणी यावर काम केलं असेल तर प्लीज सांगा.