अकॉर्ड, इन्स्पायर की टीएसएक्स? पार्ट मागवताना आणि दुरुस्ती करताना या चुका टाळा

होंडा अकॉर्डचा पार्ट चुकीचा येतो तेव्हा दोष बहुतेक वेळा दुकानदाराचा नसतो. मागवताना ‘अकॉर्ड, २००५’ एवढंच सांगितलेलं असतं, आणि २००५ साली अकॉर्ड नावाच्या दोन वेगळ्या गाड्या जगात विकल्या जात होत्या. बॉडी वेगळी, बाहेरचे पत्रे वेगळे, इंजिनाची सेटिंगसुद्धा वेगळी.

आधी हा गुंता सोडवू. २००२-०३ साली आलेल्या सातव्या पिढीत जपान आणि युरोपची अकॉर्ड आकाराने लहान होती. तीच गाडी उत्तर अमेरिकेत अक्युरा टीएसएक्स म्हणून आणि ऑस्ट्रेलियात अकॉर्ड युरो म्हणून विकली गेली. उत्तर अमेरिका, भारत आणि आग्नेय आशियात ‘अकॉर्ड’ म्हणून आली ती मोठी गाडी, आणि तिचंच जपानमधलं नाव इन्स्पायर. ऑस्ट्रेलियात तर अकॉर्ड आणि अकॉर्ड युरो एकाच वेळी विकायला होत्या. २००८ च्या आठव्या पिढीतही हीच विभागणी राहिली, फक्त चीनमध्ये लहान गाडीला स्पिरिअर हे आणखी एक नाव मिळालं.

पहिली चूक: डिकीवरचं नाव वाचून पार्ट मागवणं

नाव सोडा, चासी कोड, म्हणजे गाडीची बॉडी आणि इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं बघा. सातव्या पिढीतली लहान सेडान म्हणजे सीएल७ (२.० लिटर) आणि सीएल९ (२.४ लिटर). मोठी सीएम५ (२.४ लिटर) आणि सीएम६ (व्ही६, म्हणजे सहा सिलिंडर). जपानची इन्स्पायर यूसी१. आठव्या पिढीत लहान गाडीचे कोड सीयू१, सीयू२, आणि मोठीचे सीपी१, सीपी२, सीपी३.

हा कोड गाडीवरच असतो. १७ अक्षरी चासी नंबरातलं चौथं, पाचवं आणि सहावं अक्षर वाचा. १एचजीसीएम५ अशी सुरुवात असेल तर ती अमेरिकेत बनलेली सीएम५. जेएच४सीएल९ असेल तर जपानमध्ये बनलेली टीएसएक्स. जपानच्या देशी बाजारातून वापरून आलेल्या गाडीवर १७ अक्षरी नंबर नसतो. तिथे ‘सीएल९’ लिहून पुढे आडवी रेघ आणि आकडे असतात. अशा गाडीचा नंबर परदेशी पार्ट कॅटलॉग उघडतच नाही. मग लोक अंदाजाने ‘जवळचं मॉडेल’ निवडतात आणि फसतात. या गाडीसाठी जपानी कॅटलॉगच बघायला हवा.

चासी कोडाबरोबर इंजिनाचा पूर्ण कोडही लिहून घ्या. तो ब्लॉकवर, गिअरबॉक्सच्या जोडाजवळ कोरलेला असतो. ‘के२४’ (होंडाचं २.४ लिटर इंजिन) एवढ्यावर थांबू नका, पुढचं अक्षर आणि आकडाही हवा. त्याने काय फरक पडतो ते टॅपेट सेटिंगमध्ये दिसेल.

‘अकॉर्डला टायमिंग चेन असते’ हे अर्धंच खरं

टायमिंग चेन किंवा बेल्ट म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह एका लयीत ठेवणारा दुवा. चार सिलिंडरच्या के मालिकेच्या इंजिनांना साखळी (चेन) आहे. तिला ठरावीक किलोमीटरची मुदत नाही, पण ऑइल कमी ठेवलं किंवा बदलायला उशीर केला तर ती ताणते. व्ही६ म्हणजे जे३० आणि जे३५ इंजिनांना मात्र रबरी टायमिंग बेल्ट आहे. चार सिलिंडरवाल्याने दिलेला सल्ला व्ही६च्या मालकाने ऐकला आणि बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. मग हेड उतरवण्यावाचून इलाज नाही.

बेल्टची मुदत १,६८,००० किमी किंवा ७ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. गाडी नेहमी ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उन्हात किंवा उणे २९ च्या खालच्या थंडीत चालत असेल तर साधारण १,००,००० किमीलाच बदला. कमी चाललेल्या गाडीत वर्षांची अट विसरली जाते. रबराला किलोमीटर कळत नाहीत, ते नुसतं उभ्या गाडीतही कडक होतं.

फक्त बेल्ट बदलू नका. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून पंप, हायड्रॉलिक टेन्शनर आणि दोन्ही पुली एकाच वेळी घ्या. जुना टेन्शनर गळका असेल तर नवा बेल्टही दात सोडतो. क्रँक पुलीच्या मध्यभागी ५० मिमीची षटकोनी खाच आहे. तिच्यात बसणारं होल्डर लावूनच बोल्ट सोडवा. फ्लायव्हीलच्या दातांत पेचकस अडकवून सोडवायला गेलात तर दात तुटतात. बेल्ट बसवला की स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने घड्याळाच्या दिशेने पाच-सहा फेरे फिरवा आणि सगळ्या खुणा पुन्हा जुळतात का ते बघा. मधे कुठे अडलं तर जोर लावू नका, तिथे व्हॉल्व्ह टेकलाय.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: इथे सर्वाधिक नुकसान होतं

बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये प्लॅनेटरी गिअर असतात. होंडाच्या त्या काळातल्या गिअरबॉक्सची रचना मॅन्युअलसारखी आहे: समांतर शाफ्ट, आणि प्रत्येक गिअरला स्वतंत्र क्लच प्लेटांचा संच. या प्लेटांची पकड तेलाच्या घर्षणगुणांवर अवलंबून असते. म्हणून ‘सगळ्या गाड्यांना चालतं’ असं लिहिलेलं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) किंवा डेक्सरॉन प्रकारचं तेल इथे नको. जुनं झेड-१ तेल बंद झालं, त्याच्या जागी होंडाचं डीडब्ल्यू-१ घाला.

दुसरी चूक म्हणजे मशिनने फ्लश मारणं. दाबाने सुटलेला गाळ सोलेनॉइडच्या (तेलाची वाट उघड-बंद करणाऱ्या विद्युत झडपेच्या) बारीक जाळ्यांत जाऊन बसतो. ड्रेन करून भरणं हीच बरोबर पद्धत. एका वेळी साधारण अडीच ते तीन लिटर तेल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून तेल काळं असेल तर तीन वेळा करा: ड्रेन, भरणं, सगळे गिअर पडतील अशी काही किलोमीटर चाल, आणि परत ड्रेन. प्लग ३/८ इंची चौकोनी रॅचेटनेच थेट निघतो, सॉकेट लागत नाही. त्याच्या चुंबकावर राखाडी, मऊ लेप दिसला तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे चकचकीत कण लागले तर मात्र नुसत्या तेलाने काम भागणार नाही. १८ मिमीचा अॅल्युमिनियम वॉशर नवा घाला आणि प्लग ४९ न्यूटन-मीटरला कसा.

पातळी बघतानाही गफलत होते. इतर अनेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून एटीएफ बघतात. या गाडीत इंजिन पूर्ण गरम करा (रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद झाला पाहिजे), सपाट जागी बंद करा, आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत डिपस्टिक काढा. चालू इंजिनावर बघितलं तर पातळी कमी दिसते, मग वरून तेल ओतलं जातं, आणि जास्तीच्या तेलाला फेस येऊन गिअर घसरतात.

वापरलेली २००३-०४ ची व्ही६ ऑटोमॅटिक घेत असाल तर एक गोष्ट तपासाच. दुसरा गिअर जास्त तापण्याच्या दोषामुळे होंडाने २००४ मध्ये या गिअरबॉक्ससाठी रिकॉल काढला होता, म्हणजे गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. तो पूर्ण झाल्याची नोंद मागा.

पॉवर स्टिअरिंग ओरडतं, म्हणून पंप बदलणं

सकाळी गाडी सुरू केली, स्टिअरिंग वळवलं आणि बोनेटखालून कण्हल्यासारखा आवाज आला, की पंप गेला असं ठरवून टाकलं जातं. थांबा. टाकीचं झाकण उघडा, इंजिन चालू ठेवा आणि टॉर्चने आत बघा. तेल दुधाळ आणि बुडबुड्यांनी भरलेलं असेल तर पंप हवा ओढतोय. पंपाकडे येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी एक छोटी ओ-रिंग असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ती कडक आणि चपटी होते. या जोडातून तेल बाहेर गळत नाही, कारण इथे दाब नसून ओढ असते. म्हणूनच ‘गळती नाही, म्हणजे पंपच’ हा निष्कर्ष चुकतो. दोन छोटे बोल्ट काढायचे, ओ-रिंग बदलायची, टाकी भरायची आणि इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना न्यायचं. बुडबुडे संपले की आवाजही जातो. तेल मात्र होंडाचंच पीएसएफ (पॉवर स्टिअरिंगचं तेल) घाला. एटीएफने सील खराब होऊ शकतात.

टॅपेट आपोआप सेट होतात, असं समजणं

टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग. के इंजिनात स्वतःहून गॅप भरून काढणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत. गॅप हाताने लावावा लागतो, आणि इंजिन थंड असताना, म्हणजे ३८ अंशांच्या खाली. इनलेटचा गॅप ०.२१ ते ०.२५ मिमी. एक्झॉस्टचा गॅप मात्र अमेरिकी अकॉर्डच्या के२४ए४ मध्ये ०.२८ ते ०.३२, आणि टीएसएक्सच्या के२४ए२ मध्ये ०.२५ ते ०.२९ मिमी. दोन्ही इंजिनं २.४ लिटरची आहेत आणि दिसायलाही सारखी. टीएसएक्सचं कॉम्प्रेशन १०.५:१, अकॉर्डचं ९.७:१, म्हणून टीएसएक्सला जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. साध्या पेट्रोलवर ती चालते, पण इंजिनातली ठोक ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे घेतो आणि ताकद कमी होते. मग ‘गाडी ओढत नाही’ म्हणून इंजेक्टर साफ करण्यावर पैसे जातात.

ऑइल न बघता सेन्सर बदलणं

चेक इंजिनचा दिवा, कोड पी२६४६, आणि गाडी वरच्या आरपीएमला जात नाही. हा व्हीटेकच्या (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्हची उघडझाप बदलणाऱ्या यंत्रणेच्या) ऑइल प्रेशर स्विचचा कोड आहे, पण सर्वात आधी डिपस्टिक काढा. एखाद लिटर ऑइल कमी असलं तरी हाच कोड येतो. पातळी ठीक असेल तर व्हीटेक सोलेनॉइडखालची जाळीची गॅस्केट काढून बघा, तिच्यावर गाळ साचतो. स्विच त्यानंतर. आठव्या पिढीतल्या मोठ्या गाडीची चार सिलिंडर इंजिनं ऑइल खाण्यासाठी ओळखली जातात, म्हणून दर १,००० किमीला पातळी बघायची सवय ठेवा.

याच पिढीत रात्रभर उभी गाडी सुरू करताना सेकंद-दोन सेकंद कर्कश खडखड येते. तिला स्टार्टर समजून स्टार्टर बदलला जातो. आवाज इनलेट कॅमच्या टोकाच्या व्हीटीसी अॅक्च्युएटरचा (व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करणाऱ्या भागाचा) असतो. त्याची लॉक पिन बसत नाही. गाडी गरम असताना तो येतच नाही, त्यामुळे गॅरेजमध्ये दाखवायचा असेल तर गाडी आदल्या रात्रीच तिथे ठेवा. नवा अॅक्च्युएटर सुधारित पार्ट नंबरचाच घ्या.

हेडलाइट आणि व्हील नट

टीएसएक्सचे हेडलाइट सीएल९ अकॉर्डला बसतात, म्हणून हौसेने लावले जातात. पण टीएसएक्स ही डाव्या स्टिअरिंगची गाडी. तिच्या लो बीमचा झोत उजव्या कडेला वर चढतो. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशात हाच झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. स्क्रू फिरवून तो खाली आणता येतो, त्याचा आकार बदलत नाही. दिवे आपल्या बाजूच्या स्टिअरिंगचेच शोधा.

व्हीलच्या बाबतीत मात्र लहान-मोठ्या दोन्ही गाड्या सारख्या आहेत: ५ बोल्ट, ११४.३ मिमी पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास), ६४.१ मिमी मध्यछिद्र, एम१२×१.५ नट. त्यामुळे अदलाबदल सर्रास होते. पण होंडाच्या मूळ व्हीलना गोल बुडाचे नट लागतात आणि बाहेरच्या बहुतेक अलॉय व्हीलना शंकूच्या आकाराचे. चुकीचा नट कसला जातो, घट्टही लागतो, पण टेकतो फक्त एका बारीक कडेवर, आणि काही दिवसांत सैल होतो. व्हीलबरोबर त्याचेच नट घ्या, १०८ न्यूटन-मीटरला कसा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.