कार्डिफला नवीन आलात? समुद्राकाठच्या या सोप्या वाटा चालून या

दर सप्टेंबर-जानेवारीत कार्डिफला आपली नवीन मंडळी येतात, कोणी युनिव्हर्सिटीत, कोणी हॉस्पिटलमध्ये नोकरीला, कोणी आयटीत, आणि सगळ्यांचे सुरुवातीचे प्रश्न तेच असतात, घर, बँक अकाउंट, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे रजिस्ट्रेशन, तूरडाळ कुठं मिळते. ते आधी करायलाच हवं. पण ते मार्गी लागलं की पहिला मोकळा रविवार घरात व्हिडिओ कॉलवर घालवू नका, समुद्राकडे जा. "उन्हाळा आला की जाऊ" असं म्हणणारे पुढच्या ऑक्टोबरमध्येही तेच म्हणत असतात. डिसेंबरात इथं चार वाजताच अंधार पडतो आणि तेव्हाच माणूस सगळ्यात जास्त खचतो, म्हणून तर हिवाळ्यातच बाहेर पडायची जास्त गरज आहे. गाडी नसली तरी चालतं.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी कायम कार्डिफ बे ते पेनार्थ सांगते. कार्डिफ बेवरच्या मर्मेड की या धक्क्यावरून निघायचं आणि बॅरेजवरून चालत पलीकडे. हा बॅरेज म्हणजे 1999 मध्ये पूर्ण झालेला साधारण 1.1 किलोमीटरचा बांध, एका बाजूला अडवलेलं गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खराखुरा समुद्र. सगळा रस्ता सपाट, बाबागाडी असो की व्हीलचेअर, काही अडचण नाही. वाटेत कोळशाच्या इतिहासाचे फलक आहेत ते वाचत जा, कारण हे सगळं शहर कोळशावर उभं राहिलं, खाणीतून रेल्वेनं कोळसा खाली यायचा आणि कार्डिफ, पेनार्थ, बॅरीच्या गोद्यांमधून जगभर जायचा. दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेल्या कॅप्टन स्कॉटचं टेरा नोव्हा जहाज 1910 मध्ये अंटार्क्टिकाला निघालं तेही इथूनच. बांध संपला की पेनार्थचा चढ लागतो, तो थोडा दमवतो, मग पलीकडे उतरलं की 1895 चा पिअर, म्हणजे समुद्रात लांबवर गेलेला फिरायचा धक्का. पिअरच्या टोकाला उभं राहिलं की समोर फ्लॅट होम आणि स्टीप होम ही दोन बेटं दिसतात. परत यायला पेनार्थ स्टेशनवरून कार्डिफ सेंट्रलची ट्रेन आहे, काही मिनिटांचा प्रवास.

पाय अजून चालत असतील तर पेनार्थवरून कड्यावरच्या वाटेनं लॅव्हरनॉक पॉइंटला जा, साधारण तीन किलोमीटर. 13 मे 1897 ला मार्कोनीनं फ्लॅट होमवरून समुद्रापलीकडे बिनतारी संदेश पाठवला तो इथं लॅव्हरनॉकला पोचला, मोकळ्या पाण्यावरून गेलेला जगातला पहिला संदेश. तिथल्या छोट्या चर्चच्या भिंतीवर त्याची पाटी आहे, ती नीट शोधा, नाहीतर माणूस सरळ पुढं निघून जातो.

आता पुढच्या वाटा सांगायच्या आधी भरती-ओहोटीबद्दल बोलते, हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका.

आपल्यातले बरेचजण कोकणातले, अलिबाग-रत्नागिरीचे, त्यांना वाटतं समुद्र आपल्याला कळतो. पण मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साधारण पाचेक मीटर चढ-उतार करतं, आणि इथं ब्रिस्टल चॅनल म्हणजे इथला समुद्र आत सेव्हर्न नदीच्या मुखाकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे येणारं पाणी दाबलं जाऊन वर चढतं आणि उधाणाला फरक 14 मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार मजली बिल्डिंगएवढं पाणी सहा तासांत येतं आणि पुढच्या सहा तासांत जातं. जगातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांमध्ये ही मोजतात. त्यामुळे दुपारी लांबलचक वाळू दिसते, लोक खाली उतरून एका बेमधून दुसऱ्या बेकडे कड्याच्या पायथ्यानं चालत जातात, आणि पाणी आलं की मागचीही वाट बंद आणि पुढचीही, वर चढायला जागाच नाही. निघण्यापूर्वी त्या दिवसाचं टाईड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, फोनवर बघायचं, आणि खाली वाळूवर जायचंच असेल तर पाणी उतरत असताना जायचं, ओहोटी संपायच्या आत परत फिरायचं. घरात कालनिर्णय असेल तर अमावस्या-पौर्णिमा बघून ठेवा, त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण सगळ्यात मोठं असतं. वेळ मात्र इथल्या टेबलवरूनच घ्या.

दुसरी गोष्ट कडे. बॅरीच्या पश्चिमेला ॲबरथॉपासून पोर्थकॉलपर्यंत जो साधारण 23 किलोमीटरचा पट्टा आहे त्याला ग्लॅमॉर्गन हेरिटेज कोस्ट म्हणतात, आणि त्याचं सगळं सौंदर्य या कड्यांत आहे. जवळून बघितलं तर फिकट चुनखडीचा एक थर, त्याखाली काळपट मऊ शेलचा, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकाचा पातळ थर, परत चुनखडी, परत शेल, असे वरपासून खालपर्यंत एकावर एक, साधारण वीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा गाळ. मऊ शेल झिजतो, चुनखडीचा थर अधांतरी राहतो आणि कधीतरी खाली कोसळतो. पायथ्याशी फिकट रंगाचा ताजा ढिगारा दिसला तर समजायचं की तो नुकताच पडलाय. कड्याखाली बसून डबा खाणं नको, आणि वर चालताना फोटोसाठी अगदी कडेला जाणं तर अजिबात नको, खालून पोकळ झालेली कडा वरून कळत नाही.

एवढं पाळलं तर इथं फिरायला काही भीती नाही.

गाडी नसणाऱ्यांसाठी माझी सगळ्यात आवडती जागा लान्टविट मेजर. ट्रेन कार्डिफ सेंट्रलवरून सरळ जाते, पाऊण तासाच्या आसपास, बॅरीनंतर खिडकीतून समुद्र दिसायला लागतो. तिकिटावर सवलत मिळते म्हणून 16 ते 25 वाल्यांनी आणि मोठ्या वयाच्या फुलटाईम विद्यार्थ्यांनीही रेलकार्ड काढून घ्या, एक तृतीयांश पैसे वाचतात. स्टेशनवर पाटीवर लानइल्तुद वाउर असं वेल्श नावही दिसेल, गाव तेच. गावात आधी सेंट इल्तुदचं चर्च बघा. सहाव्या शतकात इथं मठ होता आणि त्याला जोडून विद्यापीठासारखी शाळा, दूरदूरून मुलं शिकायला यायची. चर्चच्या मागच्या भागात जुने कोरीव दगडी क्रॉस ठेवलेत, हजाराहून जास्त वर्षांपूर्वीचे, त्यावर एकमेकांत गुंतलेल्या दोऱ्यांची नक्षी आहे, एक दोरी धरून बोटानं हवेतच माग काढत जा, कुठं तुटतच नाही. मी तिथं पाहुण्यांना घेऊन जाते आणि दर वेळी स्वतःच बघत उभी राहते.

चर्चवरून बीचकडे दीडेक किलोमीटरचा रस्ता आहे, सरळ उतरता. बीच आपल्यासारखा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे, त्यामुळे चपला घालून जाऊ नका. त्या गोट्यांत शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात, कधी अमोनाइट या नामशेष समुद्री जीवाचं वेटोळं कवचही, पोरांना दोन तास पुरतं. मोकळे पडलेले बघा, हातोडी घेऊन कड्याला मारू नका. बीचच्या पश्चिमेला पायऱ्या चढून वर गेलं की कोस्ट पाथ लागतो, निळ्या-पिवळ्या रंगातला शंखासारखा बिल्ला खांबावर दिसला की वाट बरोबर. ही सगळ्या वेल्सच्या किनाऱ्यावरून जाणारी 870 मैलांची वाट, 2012 मध्ये सुरू झाली. आपल्याला त्यातला छोटासा तुकडा पुरे, ट्रेसिलियन बेपर्यंत जा आणि परत या, किंवा पुढं सेंट डोनॅट्सपर्यंत. तिथला जुना किल्ला अमेरिकन पेपरवाल्या हर्स्टनं 1925 मध्ये विकत घेतला होता आणि 1962 पासून तिथं अटलांटिक कॉलेज आहे. आपल्या पुण्याजवळ पौडला जे महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे ते याच परिवारातलं, आणि हे त्यातलं सगळ्यात पहिलं. कॉलेज खाजगी आहे, आत शिरायचं नाही, वाटेवरून बघायचं. आज जगभर बचावासाठी वापरतात ती कडक तळाची रबरी बोट 1960 च्या दशकात इथल्याच विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या हेडमास्तरांनी तयार केली.

गाडी असलेली मैत्रीण किंवा कलीग मिळाला तर नॅश पॉइंट आणि सदर्नडाऊन. नॅश पॉइंटला दोन दीपस्तंभ आहेत, 1832 चे. त्याच्या आदल्या वर्षी फ्रॉलिक नावाची आगबोट समोरच्या वाळूच्या दांड्यावर आपटून बरीच माणसं बुडाली, त्यानंतर ते बांधले. 1998 पर्यंत तिथं माणसं राहून दिवा सांभाळायची, वेल्समधला असा तो शेवटचा. सदर्नडाऊनला डनरेव्हन बे आहे, वरचा किल्ला 1960 च्या दशकात पाडला पण त्याची भिंतींनी वेढलेली बाग अजून आहे, वाऱ्यापासून आडोसा हवा असेल तर डबा तिथं खा.

कपड्यांचं थोडक्यात. छत्री घरी ठेवा, तिथल्या वाऱ्यात ती उलटीच होते. जीन्स भिजली की वाळत नाही. वॉटरप्रूफ जॅकेट, पकड असलेले बूट, टोपी, आणि सॅकमध्ये धपाटे, लोणचं, थर्मासमध्ये चहा. मेंढ्यांच्या शेतातलं फाटक उघडलंत तर मागे लावून घ्या. कोणी अडकलेलं किंवा पडलेलं दिसलं तर स्वतः उतरू नका, 999 लावून कोस्टगार्ड मागा.

आणि मे-जूनमध्ये आई-बाबा येतात तेव्हा सगळे मला विचारतात, गुडघे दुखतात, कुठं न्यायचं. त्यांना ऑगमोर-बाय-सी ला न्या. कार पार्क अगदी समुद्रासमोर आहे, वारा जास्त असेल तर गाडीत बसूनच बघता येतं, नाहीतर पुढं कड्यावर हिरवळीतून मेंढ्यांच्या मधून जेवढं जमेल तेवढं चालायचं. तिथून गाडीनं पाच मिनिटांवर नदीकाठी ऑगमोरचा नॉर्मन किल्ला आहे, तिकीट नाही, आणि त्याच्यासमोरच इवेनी नदीत पलीकडे जायला ओळीनं मोठे दगड टाकलेत. बाबा लोक त्यावरून जायचा हट्ट करतातच, पाणी उतरलेलं असेल, दगड कोरडे असतील तर जाऊ द्या, हात धरा. मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी इथपर्यंत चढतं, तेव्हा टाईड टेबल याही दिवशी बघूनच निघा.